“त्याला काहीच करावंसं वाटत नाही”

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. तीन एकर बागायत आहे, आलं आणि घेवडा करतो. थोरला मुलगा आता २६ वर्षांचा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला कानात आवाज यायला लागले. पोरं आपल्याविषयीच बोलतात म्हणून कॉलेज सोडून घरी आला. आधी वर्षभर देवधर्म झाला, बाहेरचं बघून झालं. मग साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्या लागू पडल्या. आवाज बंद होऊन चार वर्षं झाली. पण पोरगं नुसतं पडून असतं. दहाला उठवलं तर उठतो, चहा पितो, परत भिंतीकडं तोंड करून निजतो. आठ-आठ दिवस आंघोळ नाही. कुणाशी बोलणं नाही, मोबाइलसुद्धा बघत नाही. वाढलं तर जेवतो, नाही वाढलं तर मागत नाही. त्याचे वडील म्हणतात, आजार कधीच गेला, आता आयतं खायची सवय लागलीय. रोज वादावादी. म्हणजे हे बोलतात, तो गप्प बसतो, मी मधे पडते. मध्यंतरी आमच्या गाईला कालवड झाली तेव्हा तेवढा तासभर गोठ्यात बसला होता. दुसऱ्या दिवसापासून परत तेच. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी व्हायचं ते झालं, आता सायकॉलॉजिस्टला दाखवा. हा आळस आहे का आजार? नुसतं बोलून कुणाला इच्छा होते का? आणि रोज हाक मारून उठवावं का सोडून द्यावं?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी कालवडीच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. माझं बहुतेक उत्तर त्या ओळीवर उभं आहे, पण आधी तुमचा पहिला प्रश्न.

हा आळस नाही. आळशी माणूस कामाला नको म्हणतो, जत्रेला नको म्हणत नाही. तुमचा मुलगा मोबाइलही बघत नाही आणि भूक लागली तरी मागत नाही. ज्या माणसाला स्वतःच्या पोटासाठी ‘वाढ’ एवढा शब्द उच्चारायला जड जातो, त्याला आयतं खायची सवय लागली असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

या आजारात दोन गोष्टी घडतात. काही लक्षणं बेरजेची असतात, म्हणजे जे आधी नव्हतं ते येऊन बसतं : आवाज, संशय, भलत्या समजुती. काही वजाबाकीची असतात. बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, माणसांची ओढ, काही करावं ही उमेद, हे आधी होतं आणि आता ओसरलं. डॉक्टरांच्या तोंडी ‘निगेटिव्ह’ लक्षणं हा शब्द ऐकला असेल. तो वाईट या अर्थानं नाही, वजा या अर्थानं आहे. गोळ्या मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा जोर आवरतात, त्यानं बेरजेची लक्षणं चांगली आटोक्यात येतात. वजाबाकी भरून काढायला मात्र त्या तोकड्या पडतात. डॉक्टर म्हणाले ते हेच. याचा अर्थ गोळ्या थांबवायच्या असा मुळीच नाही. आवाज परत आले तर आपण जे करू बघतोय त्याचा पायाच जाईल.

एक काम मात्र थेरपीच्याही आधी करा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या. चालताना त्याचे हात हलतात का, की अंग ताठर, लाकडासारखं वाटतं? रात्रीच्या गोळीची गुंगी दुपारपर्यंत उतरत नाही असं होतं का? तो उदास दिसतो का, रडतो का, मरणाचं बोलतो का? आणि आवाज खरोखर बंद आहेत, की त्यानं सांगायचं बंद केलंय? कधीकधी निरिच्छता वाटते ती गोळ्यांच्या त्रासाची किंवा नैराश्याची असते, आणि ती डोस बदलून किंवा वेगळ्या उपचारानं कमी होते. थायरॉइडची तपासणीही विचारून घ्या.

आता कालवड. त्यासाठी मला आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. वाईला आमच्या जुन्या घरात माझे धाकटे काका होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांना हाच आजार होता. सोप्यावरच्या खांबाला टेकून बसायचे, सकाळचं ऊन सरकत अंगणाच्या टोकाला गेलं तरी तिथंच. श्रावण लागला की आजोबा गणपतीसाठी शाडूची माती भिजत घालायचे. तेवढे दिवस नाना उठून यायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. पाट ओढायचे आणि माती मळायला बसायचे, दोन-दोन तास. खडा बोटाला लागला की तो अलगद काढून पाटाच्या कडेला ठेवायचे, अशी खड्यांची एक रांग लागायची. त्या वेळी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. ते मी पाहिलंय. आणि घरातले सगळे काय म्हणायचे? “बघा, मनात आलं की जमतंय सगळं. बाकीच्या वेळी ढोंग.” मी बारा वर्षांची होते, मीही तेच म्हणायचे. ज्या दोन तासांवरून आम्ही त्यांना ढोंगी ठरवलं, तेच दोन तास त्यांच्या आत काय शाबूत आहे ते सांगत होते. हे मला शिकल्यावर कळलं, तोवर नाना गेले होते.

२००७ साली अमेरिकेत डेव्हिड गार्ड, अ‍ॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांच्या आनंदाचा नीट अभ्यास केला. त्यांना आढळलं की गोष्ट प्रत्यक्ष करताना मिळणारा आनंद या माणसांत बराचसा इतरांसारखाच असतो. कमी पडतो तो आधीचा आनंद, वाट बघण्याचा. आपल्या साताऱ्याच्या भाषेत सांगते. कंदी पेढा जिभेवर ठेवला की त्यालाही गोडच लागतो. पण ‘संध्याकाळी पेढे येणार आहेत’ म्हटल्यावर तुमच्या-माझ्या तोंडाला जे पाणी सुटतं, ते त्याला सुटत नाही. आणि माणूस अंथरुणातून उठतो तो या आधीच्या पाण्यावर. कालवड डोळ्यांसमोर होती तोवर तो बसला. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात होती, तो खोलीत होता, आणि मधल्या तीस पावलांसाठी लागणारी ओढ मनात तयार झाली नाही.

याला दुसरी एक गाठ बसते. कॉलेज सुटलं, मित्र गेले, वडिलांच्या नजरेतून उतरलो. इतके फटके खाल्लेलं मन एक हिशेब पक्का करून टाकतं : ‘मला काही जमणार नाही, आणि केलंच तर फसणार.’ मग न करणं हीच झाकली मूठ होते. फिलाडेल्फियातले मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी आधी नैराश्यासाठी विचारांवर काम करणारी थेरपी उभी केली होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी पॉल ग्रँट आणि इतरांच्या साथीनं ती या आजारातल्या निरिच्छतेसाठी नव्यानं बांधली. वयाच्या शंभराव्या वर्षी, २०२१ साली ते गेले. २०१२ साली त्यांचा अभ्यास छापून आला. फार मागे पडलेले ६० रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत ही थेरपी, १८ महिने. थेरपी घेतलेल्यांचा रोजचा वावर सुधारला आणि निरिच्छता कमी झाली. थेरपी संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता, अगदी जुन्या आजाराच्या लोकांतही. सगळ्यांनाच इतकं यश येतं असं समजू नका. अशा थेरपींचे बरेच अभ्यास एकत्र मांडले की सरासरी फायदा माफक दिसतो. पण ज्या घरात चार वर्षं काहीच हललेलं नाही तिथं माफकसुद्धा फार असतं, हे मी तुमच्या पत्रासारख्या कितीतरी घरांत पाहिलंय.

तुम्ही विचारता, नुसतं बोलून इच्छा होते का. नाही होत. म्हणून यात बोलणं कमी असतं आणि बरोबर काही करणं जास्त.

ओळख पुसून एक प्रसंग सांगते. माझ्या खोलीत एक मुलगा येऊन बसायचा. आई बाहेर बाकावर, तो आत, आणि मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला “माहीत नाही.” तीन वेळा असंच झालं. आजाराआधी तो सायकली दुरुस्त करायचा असं त्याच्या आईकडून कळलं होतं. चौथ्या वेळी मी त्याला आत बोलावलंच नाही. अंगणात शेजारच्या मुलाची सायकल उलटी करून ठेवली होती, साखळी निघालेली. मी ती बसवायला लागले. मला जमेना हे खरंच होतं. तो पायरीवर उभा राहून बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, “लिंक वाकडी झालीय.” मी म्हटलं, “कुठली?” तो खाली बसला. मी त्याला थांबवून विचारलं, “हे करताना दहापैकी किती बरं वाटेल असं वाटतंय?” म्हणाला, “दोन.” मी कार्डावर दोन लिहिले. पक्कड मागितली, लिंक सरळ केली, साखळी चढवली, पायडल हातानं फिरवून कान लावून ऐकलं, आणि परत एक दात मागे घेतलं. वीस मिनिटं गेली असतील. मी विचारलं, “आता किती?” बराच वेळ चाकाकडे बघत राहिला. “सहा.” मी दोनच्या शेजारी सहा लिहिले आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. “तुझं मन दोन सांगत होतं. निघाले सहा. म्हणजे काय?” तो म्हणाला, “मन चुकतं.” मग हाताला लागलेलं ग्रीस बघून त्यानं साबण मागितला.

थेरपी म्हणतात ती ही. आधी माणसाला जिवंत करणारी एखादी गोष्ट शोधायची, ती बरोबर करायची, करत असतानाच त्याचं लक्ष त्या आनंदाकडे वळवायचं, आणि मग त्यातून स्वतःविषयी नवा निष्कर्ष त्याच्याच तोंडून काढायचा. हा शेवटचा टप्पा सुटला तर सगळं वाहून जातं, कारण ‘आज जमलं ते नशिबानं’ असं मन लगेच म्हणतं. दोन आणि सहा हे आकडे लिहून ठेवायचे ते त्यासाठी. अशी कार्डं साठत जातात आणि कुठेतरी दहाव्या-पंधराव्या कार्डानंतर माणूस आपण होऊन पुढचं काही मागतो. त्या मुलाची आंघोळ मार्गी लागायला त्यानंतर चार महिने गेले. पण आंघोळीवर मी त्याच्याशी एकदाही बोलले नव्हते.

हे मी एका चुकीतून शिकले. उमेदवारीच्या काळात मी एका रुग्णाला सुंदर अक्षरात वेळापत्रक करून दिलं होतं : साडेसहाला उठणे, सातला आंघोळ, साडेसातला व्यायाम. पंधरा दिवसांनी त्याच्या बहिणीनं सांगितलं, तो रोज सकाळी त्या कागदासमोर उभा राहतो आणि परत जाऊन झोपतो. मी त्याला रोज सकाळी नापास करणारा कागद दिला होता. आंघोळ, उठणं, दाढी ही आपल्याला हवी असलेली कामं आहेत. सुरुवात त्याला हव्या असलेल्या कामापासून करावी लागते.

तर तुमच्या घरी. हाक जरूर मारा, पण हाकेच्या शेवटी काय आहे ते बघा. “उठ, दहा वाजले, लोक काय म्हणतील” या हाकेच्या शेवटी लाज आहे. लाजेसाठी कोण उठेल? त्याऐवजी खोलीच्या दारात उभं राहून म्हणा, “मी कालवडीला सोडायला चाललेय, दावं धरायला ये.” “येतोस का?” असं विचारू नका, कारण “नाही” हे सगळ्यांत कमी कष्टाचं उत्तर आहे. एकदा सांगा, दारात मिनिटभर थांबा, नाही उठला तर चेहरा न पाडता जा, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी. आला तर पाच मिनिटं पुरे. तिथल्या तिथं विचारा, “हात चाटला का तिनं? खरखरीत लागली का जीभ?” घरी आल्यावर नाही, तिथंच, हातावर ओल असताना. संध्याकाळी जेवताना ते पुन्हा काढा आणि म्हणा, “उद्या तिला पाणी पाजताना बघू काय करते ते.” आजची आठवण आणि उद्याची चाहूल या दोन गोष्टी त्याचं मन आपण होऊन करत नाही, त्या तुम्ही त्याच्या वतीनं बोलून दाखवायच्या. कालवडीचं नाव ठेवलंय का? नसेल तर ते त्याच्यावर सोडा.

त्याच्या वडिलांना माझा एक निरोप द्या. दादा, तुमचा राग मला कळतो. थोरला मुलगा हाताशी येईल म्हणून माणूस वीस वर्षं वाट बघतो. पण लंडनमधल्या जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ सालीच दाखवून दिलं की रुग्णालयातून घरी आलेल्या या रुग्णांना ज्या घरात सतत बोल लावले जातात, त्या घरात आजार जास्त वेळा उलटतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती ताईंसाठी. सारखं जपणं, त्याच्या वाटचं सगळं आपणच करणं, यानंही तेच होतं. म्हणून दादांनी एकच काम त्याच्या नावावर करावं. लाईट आली की मोटर चालू करायची, एवढंच. विसरला तर स्वतः करावी आणि त्यावर बोलू नये. केली तर “बरं झालं, पाणी वेळेवर बसलं” एवढं म्हणावं, त्याहून मोठी शाबासकी नको, ती खोटी वाटते. आणि ताई, ताट खोलीत नेऊन देत असाल, तर ते हळूहळू सोप्यात, मग चुलीपाशी आणा. उपाशी ठेवून धडा शिकवायचा मात्र नाही.

रिकामेपण स्वतःच आजार वाढवतं. १९६० ते ६८ या काळात इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांत जॉन विंग आणि ब्राउन यांनी वर्षानुवर्षं राहणाऱ्या रुग्णांकडे बघितलं. ज्यांचा ‘काहीच न करण्यातला वेळ’ कमी झाला त्यांच्यात सुधारणा सर्वांत जास्त दिसली. तुमच्या घरी दिवसातली पाच मिनिटं भरली तरी मी तिला सुरुवात म्हणेन.

किती फेऱ्या, हे तुम्ही विचारलं नाही पण एसटीचा हिशेब तुमच्या मनात असणार. इंग्लंडच्या उपचार-मार्गदर्शिकेत या आजारासाठी विचारांवरच्या थेरपीच्या किमान १६ बैठका आणि कुटुंबासोबत किमान १० बैठका सांगितल्या आहेत. निरिच्छता जुनी असेल तर सहसा जास्त लागतात, वर्ष धरून चला. प्रत्येक वेळी त्याला आणता आलं नाही तर तुम्ही दोघं या, तेही काम थेरपीचंच आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आधी चौकशी करा. आणि हे काम घरी येऊन, गावातल्या प्रशिक्षित माणसांकडून होऊ शकतं का, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात तपासला गेलाय. सातारा, गोवा आणि तमिळनाडू मिळून २८२ रुग्णांवरचा तो अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. साताऱ्यातलं काम परिवर्तन संस्थेनं पाहिलं. कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले होते. ते घरी जायचे, कुटुंबाशी बोलायचे, रुग्णाला पुन्हा कामाला लावायला बघायचे. वर्षभरानंतर नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणं आणि अडचणी थोड्या जास्त कमी झालेल्या दिसल्या. फरक मोठा नव्हता आणि तो तमिळनाडूच्या खेड्यांत सर्वांत ठळक होता. तरी रस्ता आहे एवढं त्यातून दिसलं.

कधी तो खाणंपिणंच सोडून पुतळ्यासारखा एका जागी राहिला, किंवा मरणाची भाषा बोलला, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझ्या भाच्याला हाच आजार आहे, वय २९. घरात सगळ्यांचं म्हणणं पडतंय की लग्न करून दिलं की जबाबदारी अंगावर पडेल आणि तो कामाला लागेल. मुलीकडच्यांना आजाराचं सांगावं का?
— एक मामा, फलटण

उत्तर : मामा, जबाबदारीनं इच्छा आली असती तर आजारच झाला नसता. ज्याला स्वतःचं ताट घ्यायला जड जातं त्याच्यावर संसार टाकणं म्हणजे तापात असलेल्या माणसाच्या डोक्यावर पोतं देणं आहे, आणि त्यात एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं लग्न करतात, चांगला संसारही करतात. पण आधी तब्येत स्थिर, मग थोडं काम, मग त्याची स्वतःची इच्छा, आणि मुलीला व तिच्या घरच्यांना सगळं स्पष्ट सांगून, गोळ्यांसकट. लपवून करणार असाल तर माझं उत्तर नाही असं आहे. लपवलेल्या आजाराच्या गोळ्या लपूनच घ्याव्या लागतात, आणि मग त्या सुटतात.

प्रश्न : मी स्वतः पेशंट आहे. वय ३४, राहणार कराड. ९ वर्षं गोळ्या घेतोय, एकही चुकवत नाही. भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. मार्चमध्ये मी दुकानात बसायला गेलो. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं पाऊण इंची एल्बो (पाइपाच्या वळणाचा सांधा) मागितला, मी रिड्यूसर (लहान-मोठे पाइप जोडणारा सांधा) दिला. तो हसला. दुपारी घरी आलो तो परत गेलो नाही. भाऊ म्हणतो कधीही ये. आधी रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचो, तेही सुटलं. माझा प्रश्न एवढाच आहे की हवं असतं तरी नको का वाटतं?

उत्तर : तुमचा हा शेवटचा प्रश्न मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. ‘यांना काही नकोच असतं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो वाचून दाखवणार आहे.

माणूस काही करायच्या आधी मन आतल्या आत हिशेब मांडतं : कष्ट किती, मिळणार किती. या आजारात तो हिशेब बिघडतो. कष्टाचा आकडा मोठा दिसतो, मिळकतीचा लहान. त्यामुळे हवंपण खरं असतं आणि नकोपणही खरं असतं. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. हिशेब तपासून घेता येतो, मात्र घरी पडून तपासता येत नाही, कारण तिथं नवे आकडेच येत नाहीत.

एल्बोपासून सुरू करू. त्या दिवशी दुपारपर्यंत किती गिऱ्हाइकं आली होती? दहा? पंधरा? त्यातल्या किती जणांना तुम्ही बरोबर वस्तू दिली, हे तुमच्या पत्रात नाही. मनानं एकच गिऱ्हाईक ठेवून घेतलं आणि बाकीची सोडून दिली. भावाला विचारा, त्याच्या हातून आठवड्यात किती वेळा चुकीचं फिटिंग जातं. खरोखर विचारा आणि आकडा लिहून घ्या. तो गिऱ्हाईक कशाला हसला हेही आपल्याला माहीत नाही. प्लंबर लोक एल्बो-रिड्यूसरच्या घोळाला रोजच हसत असतात.

दुसरं, तुम्ही पहिल्याच दिवशी दुकानातल्या सगळ्यांत अवघड जागी बसलात. गल्ल्यापाशी एकाच वेळी ऐकायचं, आठवायचं, शोधायचं आणि माणसाच्या तोंडाकडे बघायचं. या आजारात लक्ष आणि स्मरणशक्तीही थोडी सैल होते. त्यासाठी सराव असतात, सायकॉलॉजिस्टना त्याविषयी विचारा. पण दुकानातही करता येईल. सकाळी दुकान उघडल्यावरचे दोन तास, गर्दीआधी, फक्त मागच्या फळीवर. फिटिंगचे डबे आकारानुसार लावायचे आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी : अर्धा, पाऊण, एक. दोन आठवडे गिऱ्हाईक घ्यायचं नाही. डबे हाताखालून गेले की पाऊण इंची एल्बो डोळ्यांना नाही तरी बोटांना ओळखू येईल.

आधी पूर्ण बरं व्हायचं, शिकायचं आणि मग कामाला जायचं, हा क्रम बरोबर वाटतो. पण १९९० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी तो उलटा केला. माणसाला आधी खऱ्या कामावर ठेवायचं आणि मदतीचा माणूस तिथंच सोबत द्यायचा. नंतर अनेक देशांत झालेल्या तुलनांत हाच क्रम जास्त लोकांना नोकरीत टिकवून ठेवणारा ठरला. तुमच्याकडे भाऊ आहे, ‘कधीही ये’ म्हणणारा. त्याला हे उत्तर वाचायला द्या आणि सांगा, “कधीही” नको, “सोमवारी साडेनऊला” असं म्हण.

आणि प्रीतिसंगम. जायच्या आदल्या रात्री अंथरुणावर डोळे मिटून तिथं जाऊन या. कोयनेचं पाणी कृष्णेला समोरून येऊन भिडतं ती जागा, पायऱ्यांवर बसल्यावर दगडाची दिवसभराची ऊब, भेळेतला कच्चा कांदा. एकेक गोष्ट सावकाश, जिभेवर आणि तळव्यांवर येईपर्यंत. वाट बघण्याचा आनंद आपोआप येत नाही, तो असा मुद्दाम घडवावा लागतो. ही सरावाची गोष्ट आहे, पहिल्या रात्री काहीच जाणवलं नाही तरी चालेल. मग निघताना एका कार्डावर लिहा, दहापैकी किती बरं वाटेल असं वाटतंय. तिथं पायरीवर बसून, उठायच्या आधी, दुसरा आकडा लिहा. दुसरा आकडा लहान आला तरी तो तसाच लिहायचा.

ते कार्ड मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नाव घालू नका, ‘एल्बो’ एवढंच लिहा, मला कळेल.